पहिल्या क्रमांकाआधी

बोरिवली

चि. सोनूस,

तुझ्या आईचा फोन आला, तेव्हापासून पत्र लिहायला बसायचं म्हणत होतो. 500 पैकी 462! तुझी आजी दोनदा देवापाशी साखर ठेवून आली, दुसऱ्यांदा कशाला हे तिलाच ठाऊक. आईनं हेही सांगितलं की, अकरावीच्या फॉर्ममध्ये तू पहिल्या क्रमांकावर रुइया घालायची म्हणतेस, बाबा वझे म्हणतात, आणि घरात दोन दिवस धुसफूस आहे. त्यात मी पडत नाही. दोन्ही कॉलेजं नावाजलेली. रुइया 1937 पासूनची, वझे 1984 सालचं, म्हणजे आम्ही मुलुंड सोडलं त्यानंतर निघालेलं, आणि तुमच्या दारातून पायी जाण्यासारखं. माझी काळजी एवढीच, की तू रात्री अकराला मैत्रिणींशी बोलता बोलता मोबाइलवर बटण दाबून मोकळी होशील.

कारण त्या पहिल्या रकान्याची गोष्ट वेगळी आहे, राजा. दहा कॉलेजं भरता येतात; दुसरं-तिसरं मिळालं तर पुढच्या फेरीची वाट बघता येते, पण पहिलंच मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून कट-ऑफकडे बघून क्रम लावू नकोस. कट-ऑफ म्हणजे काय, तर गेल्या वर्षी आत शिरलेल्या शेवटच्या मुलाचे गुण! तो आकडा तिथं कसं शिकवतात हे सांगत नाही. आणि सांकेतांक नीट वाच. एकाच कॉलेजची एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते, नाव तेच, फी मात्र कितीतरी वेगळी. बाबा बोलणार नाहीत, तू विचार.

घाईचं मी का बोलतो? मी 1975 साली दहावी झालो. ती नव्या पद्धतीची पहिली दहावी, आणि त्याच वर्षी जुन्या अकरावीची मुलंही मॅट्रिक होऊन बाहेर पडलेली; एका मांडवात दोन वराती. तेव्हा हे ऑनलाइन नव्हतं (ते मुंबईत 2009 ला आलं, तुझ्या आत्यालाही रांगेतच उभं राहावं लागलं), प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा, प्रत्येकाच्या फळ्यावर वेगळी यादी. शेजारचा मित्र म्हणाला, चल, लांबच्या कॉलेजात दोघांचं नाव लागलंय. मी निघालो. वडिलांनी पितळी डब्यातून मोजून दिलेले पैसे भरले, गुणपत्रिका जमा केली, आणि दुसऱ्या दिवशी घराजवळच्या कॉलेजच्या फळ्यावर माझं नाव! फी बुडाली, गुणपत्रिकेसाठी सात खेपा झाल्या, आणि तो मित्र, ऐक हं, महिन्याभरात आयटीआयला निघून गेला. वडील एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त पुढचा महिनाभर स्टेशनवरून घरी बसनं यायचे ते चालत आले. मी खिडकीतून बघायचो, एका हातात छत्री, एका हातात भाजीची पिशवी.

आता रुइयाचं म्हणशील तर हिशेब मार्कांचा नाही, गाडीचा आहे. रुइया माटुंग्याला, आणि तिथं फास्ट गाडी थांबत नाही. म्हणजे मुलुंडहून स्लो, नाहूर, भांडुप, कांजूर करत नववं स्टेशन. सकाळचं कॉलेज असलं तर पाचला उठणं आलं, आणि ते एक दिवस नाही, दोन वर्षं; जूनच्या पावसात, प्रॅक्टिकलच्या दिवशी, परीक्षेच्या आदल्या रात्री जागल्यावरही. तुला ते जमणार नाही असं मी म्हणत नाही, लहानपणी तूच मला पहाटे उठवून पारिजातकाची फुलं वेचायला न्यायचीस. पण जमेल की नाही हे मोबाइलवर कळत नाही.

तर माझं ऐक. शेवटच्या तारखेला अजून पाच दिवस आहेत ना, तोवर क्रम कागदावर पेन्सिलनं लिही आणि फ्रिजवर चिकटवून ठेव. रोज सकाळी बघून वाटलं तर खोड. मी बुधवारी रात्री मुक्कामाला येतो. गुरुवारी पहाटे आपण दोघं सव्वासहाच्या सुमाराची स्लो पकडून माटुंग्याला जाऊ, आणि दुपारी गर्दीत परत येऊ. रविवारी नको, मेगाब्लॉक असतो, खरं काही कळायचं नाही. परतल्यावर वझेच्या फाटकापर्यंतही चालून येऊ, घड्याळ लावून. माटुंग्याला इडली मी देईन, पण तिकिटं तू काढ, तुझ्या खाऊच्या पैशातून.

आईला सांग, माझ्या चहात साखर नको.

तुझा,
आजोबा