शेवटच्या वाडीचा हक्क

३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात नारळी-पोफळी तारांवर कोसळल्या, विजेचे खांब आडवे झाले. बाजारपेठेच्या गावांत आधी वीज आली. आडबाजूच्या कित्येक वाड्या मात्र काही आठवडे अंधारात राहिल्या. करोनाच्या टाळेबंदीचे दिवस. वीज नाही म्हणून पाण्याचा पंप बंद, मोबाइल बंद. गावी म्हातारे आईवडील कसे आहेत, हे मुंबईतल्या मुलांना कळायला मार्ग नव्हता.

वादळानंतर वीज परत आणण्याचा एक क्रम असतो. आधी उपकेंद्र, मग ११ केव्हीचा फीडर, मग गावातलं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), शेवटी घरापर्यंतची तार. दवाखाना आणि पाणीयोजना यांना प्राधान्य. पुढे, ज्या एका दुरुस्तीने जास्त घरांत वीज येईल ती आधी. हा क्रम मला योग्यच वाटतो; मागचं जोडल्याशिवाय पुढे वीज जाणारच कशी? पण याच क्रमाने फीडरच्या टोकाची चार घरांची वाडी दर वेळी शेवटची ठरते. तिची काहीही चूक नसते. मग तिने सोसलेल्या अंधाराचं देणं कुणी फेडायचं?

ज्यांच्याकडे वीज आधी आली, त्यांनी. शेजारच्या वाडीसाठी पंप चालू ठेवणं, तिथल्या लोकांचे मोबाइल चार्ज करून देणं, आजाऱ्याची औषधं आपल्या फ्रीजमध्ये ठेवणं, हे उपकार नव्हेत. ती कर्तव्यं आहेत.

आणखी एक कर्तव्य खांबावर चढलेल्या वायरमनविषयीचं. मुख्य स्विच बंद न करता घरच्या वायरिंगला जनरेटर जोडला, तर वीज उलटी रोहित्रात जाते. रोहित्र दोन्ही बाजूंनी काम करतं. आपल्या घरातले २३० व्होल्ट तिथून हजारो व्होल्ट होऊन बंद समजल्या जाणाऱ्या वाहिनीवर चढू शकतात. म्हणूनच वायरमन काम सुरू करण्याआधी तारेचं अर्थिंग करून घेतात. त्या खबरदारीला वेळ लागतो. 'अजून किती वेळ?' म्हणून त्यांच्यावर ओरडताना, आपण त्यांना नेमकं काय टाळायला सांगतो आहोत, याचा विचार करायला हवा.

व्यवस्थेचंही देणं आहे. खोटी आशा दाखवण्यापेक्षा 'दहा दिवस लागतील' हे खरं उत्तर माणसाला जास्त आधार देतं. त्या उत्तरावर तो पाण्याची, औषधांची सोय तरी करू शकतो.

'निसर्ग'नंतर पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यालगतून गेलं आणि पुन्हा तारा तुटल्या. वादळं येतच राहणार. विनोबा भाव्यांचा जन्म 'निसर्ग'चा तडाखा बसलेल्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचा. शेवटच्या माणसाचा विचार आधी करावा, हे त्यांनी वर्षानुवर्षं पायी हिंडून सांगितलं. दुरुस्तीच्या घाईत ते जमत नसेल, पण पुनर्बांधणीत जमतं. भूमिगत वाहिनी, भक्कम खांब, दुसऱ्या बाजूने येणारी पर्यायी तार यांचा आराखडा होईल, तेव्हा जिथे वीज सर्वांत उशिरा आली त्या वाडीचं नाव यादीत पहिलं असायला हवं. संकटात शेवटी थांबलेल्याला तयारीत पहिला मान मिळाला, तरच आपल्या क्रमाला न्याय म्हणता येईल.