समोरच असलेली कात्री

२००५ साली बिग फिश गेम्सचा ‘मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सविल’ आला आणि संगणकावर दडलेल्या वस्तू शोधायची अनेकांना चटक लागली. अशा खेळात पडद्यावर गच्च भरलेली अडगळीची खोली असते, बाजूला यादी: कात्री, किल्ली, पीस. कात्री काही केल्या सापडत नाही, कारण आपण घरातली कात्री शोधत असतो. इथली खोलीतल्या पडद्याच्या वेलबुट्टीत, त्याच रंगाची होऊन बसलेली. वैतागून वाट्टेल तिथे क्लिक करत सुटलं, तर बऱ्याच खेळांत वेळ कापतात. योग्यच आहे म्हणा! मग मुकाट्याने कोपरा न् कोपरा धुंडाळायचा. तेव्हा कुठे यादीत नसलेलं तुटकं घड्याळही दिसतं, आणि पुढच्या फेरीत पुष्कळदा तेच मागतात.