आपापल्या दुकानातलं खरं

वासोण्यातल्या एका भाजीवाल्याकडे वीसेक वर्षांची जुनी पिकअप होती. दुधनी, खानवेलकडच्या पाड्यांवरून भाजी भरायची आणि सिल्वासाच्या बाजारात उतरवायची, यावर त्याचं घर चालायचं. खानवेल ते सिल्वासा अंतर जेमतेम 20 किलोमीटर. सिंह बघायला वासोण्याच्या सफारीत येणारे पाहुणे तेवढ्या पट्ट्यातलाच रस्ता ओळखतात. खानवेलच्या पुढे दुधनीकडे मात्र डोंगर, वळणं आणि उतार आहेत, आणि भरल्या गाडीच्या पुढच्या चाकांची परीक्षा तिथेच होते.

पाऊस ओसरला आणि गाडीचं स्टिअरिंग थरथरू लागलं. पुढचा डावा टायर आतल्या कडेने झिजत चालला होता. टायरवाल्याने झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "टायर गेलाय." ते खोटं नव्हतं. नवा टायर बसला, थोडे दिवस बरे गेले आणि तोही तसाच झिजू लागला. अलाइनमेंटवाल्याने मशीन लावून आकडे दाखवले. चाकं खरोखरच पुढून फाकलेली होती. त्याने ती सरळ करून दिली, पण आठवड्यात गाडी पुन्हा डावीकडे ओढू लागली. त्याआधी एका गॅरेजात डाव्या चाकाचं बेअरिंगही बदलून झालं होतं, आणि तेही तेव्हा खराब झालेलंच होतं. कुणीच फसवलं नव्हतं. ज्याच्या दुकानात जे मिळत होतं, तेवढं खरं प्रत्येकाने सांगितलं होतं. चुकीचं निदान गाडी दोन दिवसांत उघडं पाडते. अर्धं बरोबर निदान मात्र महिनोन्महिने पैसे खात राहतं, आणि म्हणूनच ते मला जास्त घातक वाटतं.

शेवटी तो खानवेल रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री मूळचा जव्हारकडचा, वापीच्या ट्रकांवर हात बसलेला. त्याने पान्याला हात लावला नाही. आधी गाडीत शेजारी बसला आणि म्हणाला, "चला भाई, एक चक्कर मारून येऊ." उजव्या वळणावर डाव्या चाकातली घरघर वाढली, डाव्या वळणावर दबली. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, हे मिस्त्रीने हाताखालच्या पोऱ्याला परत आल्यावर समजावलं.

गाडी जॅकवर उचलली, खाली घोडी लावली. मिस्त्रीने टायर वरून आणि खालून धरून हलवला. कट्, कट्. स्पष्ट ढिलाई होती.

"बेअरिंग, काका!" पोऱ्या आनंदाने म्हणाला.

"बरोबर. पण तिथंच थांबू नको. आत बस आणि ब्रेक दाबून धर."

पोऱ्याने ब्रेक दाबला. मिस्त्रीने पुन्हा चाक हलवलं. ढिलाई कमी झाली, पण गेली नाही. ब्रेक दाबला की ड्रम आणि हब जागच्या जागी धरले जातात, त्यामुळे बेअरिंगचा खेळ थांबतो. तरीही चाक हलत असेल, तर दोष त्याच्या मागे आहे. मिस्त्रीने पोऱ्याची जागा घेतली, ब्रेक स्वतः दाबला आणि पोऱ्याला खाली बसवून किंगपिनवर, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं तिच्यावर, बोट ठेवायला लावलं. दुसऱ्या हाताने चाक हलवताच पोऱ्याला पिनेची हालचाल बोटाला जाणवली.

"काका, आज फक्त बेअरिंग टाका, उद्या माल भरायचाय," मालक म्हणाला.

"टाकतो. पण किंगपिन असा ढिला ठेवला तर चाक वरून आत कलत राहणार, नवा टायर आत झिजणार आणि अलाइनमेंट कधीच टिकणार नाही. ते पैसे तुम्ही आधीच दोनदा भरलेत."

मालक गप्प झाला. हब उघडलं. ग्रीस दुधाळ झालेलं, रोलरवर गंजाचे ठिपके, एका कडेला पोलाद तापून निळं पडलेलं. मागच्या वेळी आतला भाग नवा घातला होता, पण हबमधली बाहेरची रिंग जुनीच ठेवली होती, आणि सीलही जुनंच. हे निमुळत्या रोलरांचं बेअरिंग. सेंट लुईसमध्ये घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने 1898 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वरून येणारं वजन आणि वळणावर बाजूने येणारा रेटा, दोन्ही ते पेलतं; मात्र रोलर आणि रिंग जोडीनेच बदलायला हवेत. झिजलेल्या रिंगमध्ये नवे रोलर घातले की तेही लवकरच वाया जातात.

किंगपिनच्या ग्रीस निपलवर चिखल वाळून दगड झाला होता. कित्येक दिवसांत तिथे ग्रीस गेलंच नव्हतं.

मिस्त्री तरीही थांबला नाही. त्याने विचारलं, "हबमध्ये पाणी आलं कुठून? गाडी धुता कुठं?"

मालक अभिमानाने म्हणाला, "खानवेलला, साकरतोड नदीत. दुधनीचा उतार उतरलो की थेट पाण्यात घालतो. एक दिवस चुकवत नाही. गाडी म्हणजे माझी लक्ष्मी."

"उतारावर ब्रेक दाबून दाबून हब तापतं. तापलेलं हब गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. सील फाटकं असलं की विचारूच नका."

"मी तर तिला जपत होतो, काका."

"जपता म्हणूनच सांगतोय. तास-दीडतास सावलीत उभी करा, हब हाताला गार लागू द्या. मग बादलीने धुवा, नदीत घालू नका. आणि धुतल्यावर निपल पुसून ग्रीस मारा."

काम दोन दिवस चाललं. एक दिवसाचा माल बुडाला, मालकाने तो बुडू दिला. उजव्या चाकानेही तेच पाणी प्यालं होतं, म्हणून दोन्ही बाजूंचे किंगपिन आणि बुश बदलले. बेअरिंग रिंगांसकट नवी आली. सगळ्या खर्चात सील सर्वांत स्वस्त निघालं. पोऱ्याने तळहातावर ग्रीस घेऊन रोलरांच्या फटींत दाबून भरलं. मिस्त्रीने चाक फिरवत नट घट्ट केला, मग सैल सोडला, पुन्हा नुसत्या बोटांनी आवळला आणि वर नवी स्प्लिट पिन घातली. त्यानंतरच त्याने मालकाला अलाइनमेंटला धाडलं.

मालक त्याच अलाइनमेंटवाल्याकडे गेला. भांडला नाही. म्हणाला, "मशीन लावण्याआधी एकदा चाक वरून-खालून हलवून बघ. ब्रेक मी दाबून धरतो." अलाइनमेंटवाल्या पोराने हे कधी केलं नव्हतं. त्याने हलवून पाहिलं, दुसऱ्या बाजूला जाऊन तेही पाहिलं, मग मशीन लावलं. मालक बिल देत होता तेवढ्यात मागे एक टेम्पो येऊन उभा राहिला. पोराने मशीन तसंच ठेवलं आणि टेम्पोखाली जॅक सरकवला.