नाम आणि कर्म

जो पदार्थ जसा नाही तसा तो जाणणे, यास शास्त्रात अन्यथाज्ञान म्हणतात. हे अन्यथाज्ञान केवळ परमेश्वराविषयीच होते असे नाही. एक जीव दुसऱ्या जीवाविषयीही ते बाळगतो. त्याला जेव्हा राजसत्तेचे पाठबळ मिळते तेव्हा काय घडते, हे सोलापूर नगरीने पाहिले आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. गुन्हा सिद्ध झाल्यावर मनुष्य गुन्हेगार ठरतो, हा न्यायाचा सामान्य क्रम होय. या कायद्याने तो उलटा केला. जमातीच्या जमाती आधी गुन्हेगार ठरल्या; गुन्हा मागाहून शोधला गेला. सोलापुरास तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी, भामटा इत्यादी जमातींची कुटुंबे तीत ठेवली गेली. त्यांनी गिरणीत राबावे, हजेरी द्यावी आणि परवान्यावाचून बाहेर जाऊ नये, असा नियम होता. ज्याने कधी परक्या वस्तूस हात लावला नाही, त्यालाही हजेरी चुकत नसे.

देशभर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या गेल्या. तथापि कुंपण काढणे सोपे, नाव काढणे कठीण. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव वस्तीला चिकटून राहिले. एका जमातीचे नाव आणि लबाड माणसास द्यावयाची शिवी, या दोहोंस मराठीत ‘भामटा’ हा एकच शब्द आहे. असे नाव धारण करणाऱ्यास काम कोण देणार? काम नाही म्हणून उपासमार, उपासमारीने एखाद्याचा हात वळला, की लोक म्हणतात, “आम्ही जाणतच होतो.” नावाने कर्म घडविले आणि त्याच कर्माने नाव खरे ठरविले.

येथे कोणी शंका घेईल : मग चोरी हा दोषच नव्हे काय? त्याचे समाधान असे. चोरी हा दोषच आहे. करणाऱ्यास तिचे फळ चुकत नाही. परंतु कर्म ज्याचे त्याचे असते. एकाचे कर्म त्याच्या कुळास लागत नाही, मग न केलेले कर्म जन्मलेल्या बालकास कसे लागेल? अनादि अविद्येचे बंधन सर्वच जीवांस आहे. त्यांतील काहींस जन्मतः चोर आणि काहींस जन्मतः साव ठरविण्यास शास्त्रात आधार नाही. श्रीगोविंदप्रभू रिद्धपुरात अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी गेले, ते लोकांनी दिलेली नावे विचारून नव्हे.

महानुभावांस तर हे निराळे सांगावयास नको. ‘महानुभाव’ या नावाचा ‘मानभाव’ झाला आणि ‘मानभावी’ म्हणजे वरून गोड, आतून कपटी, असा अर्थ रूढ झाला. “करणी कसाबाची, बोलणी मानभावाची” ही म्हण आजही ऐकू येते. किती पिढ्यांच्या भिक्षुकांनी हा शब्द निमूटपणे सोसला! ज्याने हे सोसले, त्याने दुसऱ्यास तसेच नाव द्यावे हे कसे शोभेल?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरविली, तसेच विमुक्त जमातींच्या लोकांस मनमानीने अटक होऊ नये असे पोलिसांस बजावले. न्यायालयाचा निर्णय तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचतो. मनुष्याच्या दृष्टीपर्यंत तो पोहोचेलच असे नाही. ते काम ज्याचे त्याने करावयाचे आहे. यात्रेत एखाद्याचे भांडे हरवले असता उपदेशी-वासनिकांची नजर प्रथम कोणाकडे वळते, हे ज्याने त्याने आपल्या ठायी पाहावे. कोणाच्या कर्माचा पुरावा पाहून ती वळली असेल तर तो न्याय. केवळ नाव ऐकून वळली असेल तर ते अन्यथाज्ञान. ते तेथल्या तेथे टाकावे आणि ज्याच्यावर संशय घेतला त्यास दंडवत घालावे.

॥ दंडवत प्रणाम ॥