गल्लीतली बेकरी आणि रास्त भाव



रास्त भाव म्हणजे काय? घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने जो आकडा मान्य केला तो रास्त, असे आपण सहज म्हणतो. कोणी जबरदस्ती केली नाही, दोघेही राजी आहेत, मग अन्याय कुठला? पण आपल्या गल्लीतल्या लहानशा बेकरीत घटकाभर उभे राहिले की हे उत्तर पुरे पडत नाही, असे लक्षात येते.

सातारा-सांगली भागात बेकरीशी आपले नाते जुने आहे. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची, ही रीत कितीतरी घरांनी पाळली आहे. तेव्हा जिन्नस सगळे आपलेच असतात. मग आपण पैसे मोजतो ते कशाचे? भट्टीच्या आचेचे आणि ती आच ओळखणाऱ्या हातांचे. म्हणजे बेकरीच्या मालात माणसाचे कष्ट मिसळलेले असतात, हे आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवावे लागत नाही.

आता खारी, बटर आणि टोस्टच्या शेजारी काचेच्या कपाटात कपकेकही दिसू लागले आहेत. सांगलीतील अशाच एका घरगुती बेकरीत आम्ही मध्यंतरी गेलो होतो. मालक ओव्हनपाशी, त्यांची पत्नी क्रीम फेटत होती आणि आजी बाकावर बसून पुठ्ठ्याची खोकी घडवत होत्या. नोकर कोणी नाही. कपकेक भाजायला वीसेक मिनिटे पुरतात, पण काम तेवढ्यावर संपत नाही. तो पूर्ण निवल्याशिवाय वर क्रीम घालता येत नाही, नाहीतर ते वितळून ओघळते. भाजणे चालू असताना वीज गेली तर केक मध्येच बसतो आणि तो सगळा ट्रे वाया जातो. बिनअंड्याचा हवा असेल तर त्याचे माप वेगळे. शिवाय क्रीमचा माल फार टिकत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले होते, हे आपण विसरलेलो नाही. त्या पुरात या दुकानातला फ्रीज, ओव्हन आणि मैद्याची पोती गेली. दुकान पुन्हा उभे राहिले ते कर्जावर.

आम्ही तिथे असतानाच, रात्री नऊच्या सुमारास एक ताई आल्या. कपाटात दहा-बारा कपकेक उरले होते. त्या म्हणाल्या, "दादा, उद्या टाकूनच द्यायचेत ना? मग निम्म्यात द्या." दादांनी दिले. त्या गेल्यावर आम्ही सहज विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "फादर, नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतं. आणि हप्ता काही थांबत नाही."

दोघेही राजी होते. तरीही काहीतरी चुकते आहे, असे मन सांगते. ते काय?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील न्यायाचा विचार केला. वस्तूच्या मोलापेक्षा जास्त दाम घेणे जसे अन्यायाचे, तसेच तिच्या मोलापेक्षा कमी देऊन ती घेणेही अन्यायाचेच, असे त्यांनी मांडले. ग्राहकाला वस्तूची फार निकड आहे एवढ्यावरून विक्रेत्याने भाव वाढवू नये, कारण ती निकड विक्रेत्याच्या मालकीची नाही. जे आपले नाही ते विकता येत नाही. आम्हांला वाटते, हेच दुसऱ्या बाजूनेही खरे आहे. कर्जाचा हप्ता, उरलेला माल, गिऱ्हाईक तुटण्याची भीती या सगळ्या बेकरीवाल्याच्या अडचणी. त्या आपल्या मालकीच्या नाहीत. मग त्यांच्या जोरावर आपण फायदा कसा काढावा?

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रात मजुरीविषयी असाच विचार मांडला. कामगाराने गरजेपोटी किंवा भीतीपोटी कमी मजुरी कबूल केली, तर त्या कबुलीने ती न्याय्य ठरत नाही. स्वतःच्याच दुकानात राबणारे कुटुंब हे कामगाराचेच कुटुंब आहे. त्यांची मजुरी त्या कपकेकच्या किमतीतूनच निघते.

यावर कोणी म्हणेल, "फादर, संध्याकाळी बेकरीवाले स्वतःच भाव उतरवतात की!" जरूर उतरवावेत. आपला माल वाया जाऊ नये म्हणून त्यांनी आपणहून कमी केलेला भाव घेण्यात काही गैर नाही. अन्न फुकट जाण्यापेक्षा ते कुणाच्या तरी मुखी लागणे चांगले. फरक आहे तो त्यांनी देण्यात आणि आपण काढून घेण्यात. भिलवडीच्या चितळ्यांचा व्यवसायही १९३९ साली एका कुटुंबानेच सुरू केला. आज त्यांच्या दुकानात आपण पाटीवरचा भाव वाचतो आणि मुकाट्याने पैसे मोजतो. घासाघीस आपल्याला आठवते ती जिथे समोरचा माणूस नाही म्हणू शकत नाही तिथेच. याला काटकसर कसे म्हणावे?

मात्र बेकरीवाल्याची दया करावी, असे आम्ही म्हणत नाही. शिळा केक ताजा म्हणून दिला, वजनात मारले, तर तोंडावर सांगावे. दयेपोटी वाईट माल गोड मानून घेणे हा त्याच्या कसबाचा अपमानच आहे. त्याला उपकार नकोत, हिशेब हवा.

तो हिशेब अगदी साधा आहे. वाढदिवसाला चाळीस कपकेक सांगितले असतील, तर आयत्या वेळी वीसच उचलू नयेत. नाताळची ऑर्डर आदल्या दिवशी न देता आधी द्यावी, म्हणजे त्या घरालाही नाताळ मिळेल. उधारी असेल तर ती त्यांनी मागण्याआधी फेडावी. मजुराचे पैसे सूर्यास्तापूर्वी द्यावेत, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. कारण तो गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशांवर टांगलेला असतो. हे आपल्या घरांना लागू आहे, तसेच आपल्या मंडळांना आणि धर्मग्रामाच्या कार्यक्रमांनाही लागू आहे.

रोजची भाकर आज आम्हांस दे, अशी प्रार्थना आपण करतो, तेव्हा 'मला' म्हणत नाही, 'आम्हांस' म्हणतो. त्या 'आम्हां'त भाकर खाणारा आहे, तसा भाजणाराही आहे. पुढच्या वेळी बेकरीत गेल्यावर भाव विचारण्याआधी एवढे मनात असू द्यावे.

आपला,
फादर