इष्टापत्ती

दुसऱ्यावर कोसळलेल्या संकटातून पुढे काही चांगले निपजलेले दिसले, की 'इष्टापत्ती' हा शब्द आपल्या ओठांवर चटकन येतो, आणि तो उच्चारल्याने मनास बरे वाटते. कोणाच्या मनास, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. ललिताबाई पवार यांच्याविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात हा शब्द, निदान त्याचा भाव, हटकून आढळतो. म्हणून त्यांच्या चरित्राच्या अनुषंगाने तो एकदा पारखून पाहावा असे वाटते.

नाशिक जिल्ह्यातील येवले येथे १९१६ साली त्या जन्मल्या. मूळ नाव अंबा सगुण. १९२८ साली, म्हणजे परकर नेसण्याच्या वयात, त्या मूकपटात काम करू लागल्या. पुढे नायिका झाल्या. इतकेच नव्हे, तर १९३२ सालच्या 'कैलास' या मूकपटाच्या आणि 'दुनिया क्या है' या बोलपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या एका प्रसंगात भगवान यांनी त्यांच्या थोबाडीत मारावयाची होती. हात जोरात बसला. चेहऱ्यास अर्धांगाचा विकार जडला, उपचार दीर्घकाळ चालले, आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेचे पर्व तेथे संपले. त्यानंतर सुरू झाले ते चरित्रभूमिकांचे: सासवा, आत्या, करड्या आया, कारस्थानी बायका. या भूमिकांनीच त्यांचे नाव घरोघर पोहोचविले. झाले ते बरेच झाले, असे म्हणणारे येथे पुढे सरसावतात.

खालापूर तालुक्यातील चौकहून कर्जतकडे जाताना एन. डी. स्टुडिओ लागतो. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी तो २००५ साली उभारला. 'जोधा अकबर'मधील राजवाडे येथेच उभे राहिले होते. दुरून पाहणाऱ्यास बादशाही तटबंदीचा भास व्हावा आणि जवळ गेल्यावर दगडांच्या जागी रंगविलेले प्लास्टर निघावे, अशी ही सृष्टी. तेथे तलवारीस धार नसते, बुरुजाच्या पाठीशी बांबू असतात, आणि काम संपले की सारे मोडून दुसरे उभारता येते. ललिताबाई १९९८ सालीच निवर्तल्या. हा स्टुडिओ त्यांनी पाहिला नाही. परंतु अशा कोणत्याही मायानगरीत एक वस्तू खरी असते, आणि ती म्हणजे नटाचा देह. त्यास लागलेला मार प्रसंग संपल्यावर उतरवून ठेवता येत नाही.

या कृत्रिम तटांपासून फार दूर नसलेला इर्शाळगड मात्र खऱ्या दगडांचा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या उतारावरील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखाली गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे ढिगाऱ्यातच राहिली. वाचलेल्यांसाठी पुढे चौकच्या परिसरात पक्की घरे बांधण्यात आली. आता कोणी त्यांच्यापैकी एखाद्या म्हातारीस म्हणेल काय, की बाई, वाडी गेली ती इष्टापत्तीच, नाहीतर गडाच्या उतारावर पक्के घर तुला कोठून मिळाले असते? शब्द घशात अडकेल. मग ललिताबाईंच्या बाबतीत तोच इतका सुलभ का होतो? याचे कारण फारसे शोभादायक नाही. त्यांच्या दुखापतीतून जो लाभ झाला तो आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या, पदरात पडला. आपण लाभ मोजतो आणि त्याची किंमत कोणी दिली ते विसरतो.

गंमत अशी, की ज्या न्यायशास्त्रातून हा शब्द आपल्याकडे आला, तेथे त्याचा अर्थ पुष्कळच काटेकोर आहे. प्रतिपक्षी म्हणतो, 'तुझे मत मानले तर अमुक अनिष्ट प्रसंग ओढवेल'. त्यावर वादी उत्तरतो, 'तो मला इष्टच आहे.' ही इष्टापत्ती. म्हणजे, ज्याच्यावर प्रसंग यावयाचा त्यानेच तो इष्ट म्हणावयाचा असतो. सभेत बसलेल्या तिसऱ्याने नव्हे. ललिताबाईंनी स्वतः आपल्या दैवास काय वाटेल ते म्हणावे. तो त्यांचा अधिकार होता. आपला नव्हे. शिवाय आपण तो शब्द वापरला की थप्पड हीच जणू कर्ती ठरते, आणि शूटिंगच्या जागी माणसाच्या शरीराची किती काळजी घेतली जाते, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. भगवान यांनी हेतुपुरस्सर इजा केली असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. परंतु दोष नसणे निराळे आणि उपकार असणे निराळे.

आता त्या डोळ्याविषयी. त्या अधू डोळ्याने त्यांना खलनायिका केले, असे सांगण्यात येते. वस्तुतः व्यंगास दुष्टपणाची खूण मानण्याची खोड आपलीच आहे, आणि ती पुरातन आहे. वाल्मीकींची मंथराही कुबडीच. चित्रपटाच्या धंद्याने आपल्या या खोडीवर भांडवल केले. पण डोळाच जर सारे काम करीत होता, तर १९५९ सालच्या 'अनाडी'तील मिसेस डीसा कोठून आली? तोंडाने फटकळ आणि अंतःकरणाने आई असलेली ती घरमालकीण, भाडे थकविणाऱ्या पोरावर ओरडते आणि त्याच्याचसाठी झुरते. डोळा तोच, चेहऱ्याची बाजू तीच. भाव मात्र सर्वस्वी निराळा. या भूमिकेस फिल्मफेअरचे सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. त्याच्या अगोदर १९४४ साली प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्यांनी आनंदीबाई उभी केली होती. म्हणजे दुखापतीनंतर अवघ्या दोन वर्षांत ही बाई, मोडलेला चेहरा घेऊन, मराठी माणसाच्या मनात पिढ्यान्पिढ्या ठसलेल्या स्त्रीच्या भूमिकेत कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. त्या दोन वर्षांत त्यांनी आरशापुढे काय सोसले असेल, याची कल्पना करणे हे काम 'इष्टापत्ती' म्हणण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

पुढे १९८७ साली रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेत मंथरेची भूमिका त्यांच्याकडेच आली. रविवारी सकाळी दूरदर्शनपुढे दाटीवाटीने बसलेली घरे त्या म्हातारीचा मनापासून द्वेष करीत होती. सत्तरी ओलांडलेल्या त्या नटीचे त्या वेळी चित्रपटात येऊन साठ वर्षे होत आली होती.