पूर्वजांचे टाकावे कोणी?

खंडाळ्याच्या बाजूस एखाद्या ख्रिस्ती घरी लग्न ठरले म्हणजे मांडव पडण्यापूर्वीच प्रश्न निघतो की, हळद लावावी काय, आणि हलगी आणावी काय? एक वडील म्हणतात, ही अंधारातली चाल. दुसरे म्हणतात, हळदीत कसला आला आहे देव? मध्ये सापडतो उपदेशक, आणि तो बिचारा दोहोंकडून बोलणी खातो. हा वाद क्षुल्लक समजू नये. आज्यापणज्यांचे काय टाकावे ह्याहून, ते टाकण्याचा निवाडा कोणी करावा, हा प्रश्न आम्हांस अधिक अवघड वाटतो.

गोव्यात हा निवाडा परक्या सत्तेच्या छायेखाली झाला. तेथे १५६० साली इंक्विझिशन नावाचे धर्मन्यायालय बसले. त्याने १७३६ साली जो हुकूम काढला, त्यात लग्नातली हळद, वाजंत्री आणि विडे ह्यांस मनाई होती. तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, इतकेच काय, भात अळणी शिजवू नये, असेही त्यात होते! अळणी भाताने प्रभूचा कोणता अपमान होतो हे आम्हांस अद्याप उमगले नाही. तो रोमी मंडळीचा कारभार होता, असे म्हणून हात झटकणेही बरे नव्हे. साहेबाला जे ओंगळ वाटले ते देवालाही ओंगळ वाटत असेल, ही समजूत आमच्याही पडवीत पुष्कळ दिवस नांदली आहे.

ह्याच पोर्तुगिजांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लोकांच्या पूज्य वस्तूंस आपल्या भाषेतला जादूटोण्याचा शब्द लावला. त्यावरून 'फेटिश' हा शब्द युरोपभर झाला, आणि एका शब्दात अनेक लोकांचा धर्म निकालात निघाला. तरी नवल असे की, पुढे त्या खंडात बायबलाचे भाषांतर करावयास बसलेल्या मिशनऱ्यांना देवाचे नाव तेथील पूर्वजांपासूनच घ्यावे लागले. झुलू बायबलात ते 'उंकुलुंकुलु' आहे, किकुयू बायबलात 'न्गाई'. आमचेही तसेच. 'देव', 'प्रार्थना', 'तारण' हे शब्द जहाजातून उतरले नाहीत. ज्या पणजीने प्रभूचे नाव कधी ऐकले नाही, तिच्याच तोंडचे शब्द घेऊन आम्ही उपासना करितो. मग ती निव्वळ सैतानाची होती असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

ह्यावरून जुने ते सर्व ठेवावे असे मात्र ठरत नाही. खंडोबाला मुरळी म्हणून पोटची पोर वाहणे हे पाप होते, आणि ते पाप म्हणावयास कोणा साहेबाची गरज नव्हती. बेल्जियन काँगोतील सिमोन किंबांगू हे बॅप्टिस्ट मिशनच्या हाताखाली वाढले. १९२१ साली त्यांनी स्वजनांत उपदेश आरंभिला, आणि मंतरलेल्या वस्तू टाका, एकच बायको करा, असे सांगितले. मिशनरी तरी दुसरे काय सांगत होते? तथापि लोकांच्या झुंडी त्यांच्याकडे धावू लागताच सरकारने त्यांस देहान्ताची शिक्षा फर्माविली. ती कमी होऊन जन्मठेप झाली, आणि तीस वर्षे बंदीत काढून ते १९५१ साली तेथेच वारले. टाका असे सांगणारा काळा माणूस होता, हेच सरकारास खपले नाही. त्यांच्या मंडळीस १९६९ साली मंडळ्यांच्या जागतिक परिषदेत जागा मिळाली.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. सावित्रीबाई फुले खंडाळा तालुक्यातल्याच. नायगावी १८३१ साली जन्मल्या. जोतीरावांनी १८७३ साली स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाने लग्नातून भटजी वगळला, आणि त्या कामी बाई पतीच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता, की कोणा परक्याचा हुकूम त्यांना सुटला नव्हता.

आता हलगीचे. ज्यांच्यावर गावाने जन्मामुळेच हलगी वाजविण्याचा बोजा टाकला, त्यांच्यापैकी कित्येकांनी ती खुंटीस टांगली ती साहेब प्रसन्न व्हावा म्हणून नव्हे. पाटलाच्या दारी उभे राहणे त्यांना नकोसे झाले होते. आज नातू शिकून येतो आणि म्हणतो, हलगी ही आपली संस्कृती आहे, ती आणलीच पाहिजे. त्याने अगोदर आजोबांना विचारावे. आजोबा नसतील तर आजीला. हळदीस आमची हरकत नाही, आणि पंगतीत भात कोणास अळणीच रुचत असेल तर खुशाल तसाच वाढावा.